काम परत मिळालं, म्हणजे माणूस सावरला का?

'मंदी' हा शब्द आपण वर्तमानपत्रात अर्थकारणाच्या पानावर वाचतो. तिथे तो शेअर बाजार, बँका आणि कारखान्यांच्या आकड्यांसोबत येतो. आमच्या मते या शब्दाची खरी जागा आरोग्याच्या पानावर आहे. घरातलं काम सुटलं की आधी दूध आणि फळं कमी होतात. मग बीपीची गोळी एक दिवसाआड होते. त्यानंतर दुखणं अंगावर काढणं सुरू होतं. वॉर्डात काम केलेल्या आम्हा परिचारिकांना हा क्रम पाठ आहे. केसपेपरवर मात्र 'मंदी' असं निदान कुणी लिहीत नाही.

या वेळी आम्ही अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरित कामगारांविषयी लिहीत आहोत. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर अशा लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून पोटासाठी अमेरिकेत गेलेली ही माणसं आहेत. त्यांची संख्या दोन कोटींच्या आसपास आहे आणि त्यांतल्या लाखो जणांकडे तिथे राहण्याचे, काम करण्याचे कागद नाहीत. वाचक म्हणतील, इतक्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला? कारण अमेरिकेत या शतकात दोन मोठ्या मंद्या आल्या, एक २००७ ते २००९ ची आणि दुसरी २०२० ची. दोन्ही वेळी या कामगारांचं काय झालं याची आकडेवारी नोंदलेली आहे. ती नीट वाचली की कळतं, मंदीत कुणाला किती मार बसणार हे नशिबावर नसतं. ते कायद्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

घरं बांधणारे आधी रस्त्यावर

२००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत घरबांधणी जोरात होती. बँकांनी कर्जदाराची ऐपत न पाहता गृहकर्जं वाटली. लास व्हेगास, फिनिक्स, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या भागांत नव्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे छपरं चढवणारे, फरशा बसवणारे, रंग देणारे हात मोठ्या प्रमाणात लॅटिनो होते. बरेच जण पोटठेकेदाराकडे कामाला होते आणि कित्येक जण थेट नाक्यावरचे. होय, तिथेही मजूर नाका असतो. बांधकामाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाबाहेर किंवा चौकात पहाटेपासून माणसं उभी राहतात. ठेकेदार गाडी थांबवतो, भाव ठरतो, चार जण गाडीत बसतात, बाकीचे पुढच्या गाडीची वाट पाहतात. स्पॅनिश भाषेत अशा मजुराला 'होर्नालेरो' म्हणतात, म्हणजे रोजंदार.

२००६ नंतर घरांचे भाव कोसळू लागले. त्या साली अमेरिकेत बांधकामात सुमारे ७७ लाख लोक काम करत होते. २०११ उजाडेपर्यंत त्यांतली बावीस लाखांच्या आसपास कामं नाहीशी झाली. लॅटिनो कामगारांमधली बेकारी २००७ साली ५.६ टक्के होती. २०१० साली ती १२.५ टक्क्यांवर गेली. या आकड्यात अमेरिकेतच जन्मलेले लॅटिनोही येतात. सगळ्या देशाची बेकारी वाढून वाढून १० टक्क्यांपर्यंत पोहोचली, ती ऑक्टोबर २००९ मध्ये.

काम सुटण्याची रीतही सगळ्यांना सारखी नसते. कायम नोकरीवाल्याच्या हातात निदान कागद पडतो, त्याला बेकारभत्ता मिळतो. एरवी अमेरिकेत हा भत्ता बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतो. त्या मंदीत तो काही ठिकाणी ९९ आठवड्यांपर्यंत वाढवला होता. नाक्यावरच्या माणसाचं काम सुटतं म्हणजे काय होतं? गाडी थांबत नाही, एवढंच. आणि ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला बेकारभत्ता ९९ आठवडेही नाही आणि एक आठवडाही नाही.

पुरुषाचं बांधकाम थांबलं की घरातली बाई जास्तीची घरं धरते. कुणाकडे साफसफाई, कुणाकडे मूल सांभाळणं, कुणाकडे म्हाताऱ्यांची सेवा. हे कामही कायद्याच्या कडेला ठेवलेलं आहे. अमेरिकेत संघटनेचा हक्क देणारा कायदा १९३५ साली आला आणि किमान वेतनाचा १९३८ साली. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामं बहुतांशी काळ्या लोकांकडे होती. पुढे किमान वेतनाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, पण १९३५ च्या कायद्यातली वगळणूक आजही तशीच आहे. वगळलेल्या जागी काळ्या माणसांसोबत लॅटिनो माणसं आली. जागा तीच राहिली.

मंदीत घरातली पुंजीही गेली. २००५ साली लॅटिनो कुटुंबाची मध्यम मालमत्ता, कर्ज वजा जाता, १८ हजार डॉलरच्या थोडी वर होती. २००९ साली ती सव्वासहा हजारांच्या आसपास आली, म्हणजे ६६ टक्क्यांची घट. गोऱ्या कुटुंबांची घट याच काळात १६ टक्के होती. लॅटिनो कुटुंबांची बचत प्रामुख्याने घरात होती आणि घरं त्याच राज्यांत होती, जिथे भाव सर्वांत जास्त पडले. दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्यांनी कर्ज काढून घेतलेली स्वतःची घरंही अशी बुडाली.

'सावरले' असं सांगणारा आकडा

आता या लेखातला मुख्य मुद्दा. मंदी अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने जून २००९ मध्ये संपली. पुढच्या एका वर्षात अमेरिकेत एक उलटं चित्र दिसलं. परदेशात जन्मलेल्या कामगारांच्या हातातली कामं साडेसहा लाखांनी वाढली आणि अमेरिकेत जन्मलेल्यांची सुमारे बारा लाखांनी घटली. प्यू ही संशोधन संस्था लोकसंख्या आणि रोजगाराचे अभ्यास करते, तिने हा हिशेब मांडला. तो पाहून काही जण म्हणाले, बघा, स्थलांतरित लवकर सावरले. काही जण म्हणाले, बघा, यांनी आमची कामं पळवली.

त्याच अभ्यासात दुसराही आकडा होता. काम परत मिळालेल्या स्थलांतरितांची मजुरी कमी झाली होती आणि सर्वांत मोठी घट लॅटिनो स्थलांतरितांच्या पदरी आली होती. हा आकडा फार कुणी वाचला नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कोडं सुटतं. ज्याला बेकारभत्ता आहे तो माणूस काही महिने आपल्या कौशल्याचं, आपल्या मजुरीचं काम शोधू शकतो. ज्याला भत्ता नाही त्याला बेकार राहणंच परवडत नाही. काल फरशी बसवणारा कारागीर आज निम्म्या पैशांत भांडी घासायला उभा राहतो. काम नसेल तर तो शेकडो मैल दूर दुसऱ्या राज्यात जातो, दहा जणांत खोली घेतो, मिळेल ते करतो. सरकारी कागदावर त्याची नोंद 'कामावर आहे' अशी होते. तापाची गोळी दिली की ताप उतरतो, आजार तसाच राहतो, हे प्रत्येक आईला माहीत आहे. बेकारीचा आकडा उतरणं हेही तसंच आहे.

अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला मालक किती पैसे देतो? २००८ साली शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत चार हजारांहून अधिक कमी मजुरीच्या कामगारांची पाहणी झाली. त्यांतल्या २६ टक्के लोकांना आदल्या आठवड्यात कायद्याच्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळाली होती. चारांत एकाहून जास्त. कागद नसलेला माणूस तक्रार करायला गेला तर आधी त्याचीच चौकशी होईल ही भीती मालकाला पक्की ठाऊक असते. मंदीत ती भीती दुप्पट कामाला येते, कारण नाक्यावर मागे पन्नास जण उभे असतात.

शरीराने भरलेला हप्ता

मजुरीतली ही तूट कुठून तरी भरून निघते. ती शरीरातून भरली जाते, असं आम्ही म्हणतो.

अमेरिकेत आरोग्य विमा मुख्यतः नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की विमाही जातो. गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना आहे, पण १९९६ च्या कायद्याने कागद असलेल्या बहुतेक नव्या स्थलांतरितांनाही तिच्यासाठी पाच वर्षं थांबवलं. २०१० साली मोठा आरोग्य कायदा आला, लाखो लोकांना विमा मिळाला. पण त्या कायद्याच्या विमा बाजारात कागद नसलेल्या माणसाला बहुतेक राज्यांत स्वतःच्या पैशानेही विमा विकत घेता येत नाही.

मग उरतं काय? १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला आलेल्या माणसाची तपासणी करावीच लागते आणि जीव धोक्यात असेल तर उपचार करावेच लागतात. चांगला कायदा आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ परिचारिकेच्या डोळ्यांनी पाहा. शुगरच्या रुग्णाला रोजचं इन्सुलिन मिळणार नाही, तो बेशुद्ध पडला की मिळेल. कित्येक राज्यांत किडनी निकामी झालेल्या, कागद नसलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा ठरलेलं डायलिसिस मिळत नाही. छातीत पाणी भरून दम लागला, जीव जायला आला, की मग तातडीचं म्हणून करतात. काही दिवसांनी पुन्हा तेच. यात खर्चही जास्त होतो आणि माणसंही जास्त मरतात.

दुसरा हप्ता अपघाताचा. कामावर मरण पावणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत २०२२ साली दर एक लाख कामगारांमागे ३.७ होतं. लॅटिनो कामगारांमध्ये ते ४.६ होतं. उंच छपरावर पट्टा न बांधता चढायला नकार देणं ही हिंमतीची बाब आहेच, पण उद्या दुसरं काम मिळेल ही खात्री असल्याशिवाय ती हिंमत येत नाही.

तिसरा हप्ता मनाचा. घरी पैसे पाठवणं हा या माणसांचा जगण्याचा आधार असतो. मेक्सिकोत २००७ साली बाहेरून सुमारे २६ अब्ज डॉलर आले, त्यांतले बहुतेक अमेरिकेतून. २००९ साली ते २१ अब्जांच्या आसपास घसरले. त्या पाच अब्जांत कुणाच्या आईचं औषध होतं, कुणाच्या मुलीची फी होती. पैसे पाठवता आले नाहीत म्हणून घरी फोन न करणारा माणूस, रात्री झोप न येणारा माणूस, दारूकडे वळणारा माणूस हे सगळे आरोग्याचेच विषय आहेत.

२०२०: काम गेलं तरी संकट, राहिलं तरी संकट

करोनाच्या साथीत ही मंदी अचानक आली. फेब्रुवारी २०२० मध्ये लॅटिनो कामगारांची बेकारी साडेचार टक्क्यांच्या आत होती. दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, ती १८.९ टक्के झाली. लॅटिनो स्त्रियांमध्ये पाचांतली एक बेकार होती. या वेळी बांधकामापेक्षा हॉटेलं, खानावळी, साफसफाई बंद पडली आणि ती बायकांची कामं होती. लास व्हेगासमधल्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या हजारो लॅटिनो स्त्रिया एका झटक्यात घरी बसल्या. त्यांची संघटना मजबूत होती, म्हणून २०२१ साली नेवाडा राज्यात कायदा झाला की हॉटेलं सुरू झाल्यावर काढलेल्या कामगारांना आधी परत बोलवावं लागेल. संघटना नसलेल्यांना असं कुणी बोलावलं नाही.

ज्यांचं काम राहिलं त्यांचं काय झालं? घरी बसून काम करण्याची सोय साथीच्या आधीच्या पाहणीत गोऱ्या कामगारांपैकी ३० टक्क्यांना होती, लॅटिनोंपैकी १६ टक्क्यांना. शेतमजुरांना 'अत्यावश्यक' ठरवलं गेलं. ज्याला देशात राहण्याचा अधिकार नाही असं सरकार म्हणतं, त्याच माणसाशिवाय देशाची भाजी निघत नाही हेही त्याच सरकारने मान्य केलं. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मांस कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. तिथे कामगार खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पगारी आजारी रजेचा जो तात्पुरता कायदा झाला, त्यातून पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कंपन्या वगळल्या होत्या. मोठे मांस कारखाने त्यांतच बसले. सरकारी अहवालात या कारखान्यांतल्या ज्या रुग्णांचा वंश नोंदला होता, त्यांत निम्म्याहून अधिक लॅटिनो होते.

सरकारने लोकांना प्रत्येकी १२०० डॉलरची मदत दिली. कर भरूनही कागद नसलेल्यांना ती मिळाली नाही. सुरुवातीला तर अशा माणसाशी लग्न केलेल्या, एकत्र कर भरणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही नाकारली गेली. २०२० या एका वर्षात अमेरिकेतल्या लॅटिनोंचं सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक घटलं. एरवी गरीब असूनही हा समाज गोऱ्यांपेक्षा जास्त जगत असे.

राग कुणावर?

मंदी आली की बोट दाखवायला कुणीतरी लागतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना अमेरिकेतून मेक्सिकोत धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिक मोठ्या संख्येने होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याची माफी मागितली ती २००५ साली. मे २००८ मध्ये आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या लहान गावात मांस कारखान्यावर धाड पडली आणि ३८९ कामगार पकडले गेले. पुढे संशोधकांनी त्या राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या काळात लॅटिनो मातांना कमी वजनाचं मूल होण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. धाड एका गावात पडली, पण भीती साऱ्या राज्यातल्या गर्भवतींच्या पोटापर्यंत पोहोचली.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. सरकारकडे पैसा मर्यादित आहे, आधी नागरिकांना द्या, हे बाहेरचे स्वस्तात राबून आमची मजुरी पाडतात. बेकार झालेल्या गरीब अमेरिकन माणसाची ही चिंता आम्ही झिडकारत नाही. पण हिशेब पुरता मांडावा. कागद नसलेल्या स्थलांतरितांनी २०२२ साली सुमारे ९७ अब्ज डॉलर कर भरला असा अंदाज आहे. पगारातून पेन्शनसाठी कापलेले त्यांचे पैसे त्यांना कधीच परत मिळत नाहीत. आणि हा मजूर स्वस्त का आहे? त्याला भत्ता नाही, विमा नाही, तक्रारीची सोय नाही म्हणून. त्याला हे हक्क दिले तर तो स्वस्त राहणार नाही. मग शेजारच्या अमेरिकन मजुराची मजुरीही कुणाला पाडता येणार नाही. एकाला वगळल्याने दुसऱ्याचं भलं होत नाही. दोघांना वापरून घेणाऱ्याचं होतं.

न्यूयॉर्कने काय दाखवलं

२०२१ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये वगळलेल्या कामगारांनी, त्यांत अनेक लॅटिनो स्त्रिया, २३ दिवस उपोषण केलं. शेवटी राज्याने २.१ अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. बेकारभत्ता आणि मदत यांतून वगळलेल्या माणसाला त्यातून जास्तीत जास्त १५,६०० डॉलर मिळू शकत होते. सुमारे एक लाख तीस हजार लोकांना लाभ मिळाला आणि निधी काही महिन्यांत संपला, इतकी गरज होती. २०२२ साली कोलोरॅडो राज्याने पुढचं पाऊल टाकलं. कागदांमुळे बेकारभत्ता न मिळणाऱ्या कामगारांसाठी कायद्याने वेगळा निधी उभा केला. म्हणजे हे अशक्य नाही. तिजोरीही बुडत नाही.

मदतीची दुसरी वाट वस्तीतूनच निघाली. लॅटिनो वस्त्यांत 'प्रोमोतोरा' म्हणून आरोग्यसेविका असतात, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. त्याच समाजातल्या, तीच भाषा बोलणाऱ्या. दारोदारी जाऊन शुगर-बीपी तपासतात, उत्पन्नाप्रमाणे फी घेणारा सामुदायिक दवाखाना कुठे आहे ते सांगतात. डॉक्टरला न सांगितलेलं दुखणं बाई प्रोमोतोरेला सांगते. पण त्यांनाही ठाऊक आहे की औषधाचा पत्ता देणं सोपं, औषधाचे पैसे मजुरीतूनच यावे लागतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बेकारभत्त्याचा हक्क केलेल्या कामावर ठरावा, खिशातल्या कागदावर नको. आणि उपचाराचा हक्क नोकरीला बांधलेला नको, कारण नोकरी जाते तेव्हाच उपचाराची गरज वाढते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला हे जमत नाही असं म्हणणं आम्हाला पटत नाही.

वाचक भगिनी आणि बंधूंनो, पुढच्या वेळी कोणत्याही देशाची 'रोजगार सावरला' अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. काम परत मिळालं ते पूर्वीच्या मजुरीवर का? त्या कामावर पडलं-झडलं तर उपचार कोण करणार? आणि काम नसलेल्या दिवसांत घरातल्या रुग्णाची गोळी चालू होती का? या तिन्हींचं उत्तर मिळेपर्यंत माणूस सावरला असं आम्ही तरी म्हणणार नाही.